आखाडा, रिंग, तलाव, मैदान

१९७२ च्या ऑगस्ट महिन्यात पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात एका भारतीयाने ५० मीटर फ्रीस्टाइलचं अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं. त्याच्या गटातला तो जागतिक विक्रम ठरला आणि सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. त्याच्या पायांतलं बळ सात वर्षांपूर्वीच गेलं होतं. त्याच स्पर्धेत तो भालाफेकीत उतरला, नेमबाजीसारख्या लक्ष्यवेधी भालाफेकीत उतरला आणि चाकाच्या खुर्चीवरून अडथळे पार करायच्या स्लॅलममध्येही उतरला. तिन्हींत त्याने अंतिम फेरी गाठली. त्याआधी चार वर्षं तेल अवीवला तो टेबल टेनिस खेळला होता. त्याच्याही आधी चार वर्षं, दोन्ही पाय धड असताना, टोकियोत बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उभा होता. आणि या सगळ्याच्या आधी सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावात तो लाल मातीत कुस्ती खेळत होता.

मुरलीकांत राजाराम पेटकर. वाळवा तालुक्यातलं पेठ हे त्यांचं गाव, जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा.

हायडेलबर्गचं ते सुवर्ण किती मोठं, हे नीट समजून घ्यायचं तर आजूबाजूला काय होतं ते पाहावं लागेल. तोवर स्वतंत्र भारताने ऑलिम्पिकमध्ये जिंकलेली सगळी सुवर्णपदकं हॉकीची, म्हणजे संघाची होती. वैयक्तिक पदक एकच, १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेलं कांस्य. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णासाठी देशाला २००८ सालच्या अभिनव बिंद्रापर्यंत थांबावं लागलं. पेटकरांचं पदक त्याच्या छत्तीस वर्षं आधीचं. पॅरालिम्पिकच्या तलावातून भारताला त्यानंतर आजतागायत दुसरं पदक मिळालेलं नाही. इतकं मोठं काम करणारा माणूस पुढची कित्येक वर्षं पुण्यात नोकरी करत राहिला आणि क्रीडारसिक म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात नव्हतं, चौकाला नव्हतं, बहुतेकांच्या तोंडीही नव्हतं. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

अनेक खेळांत चमकलेले खेळाडू जगाने पाहिले आहेत. अमेरिकेचा जिम थॉर्प १९१२ साली स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकून गेला, शिवाय बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल व्यावसायिक पातळीवर खेळला. बेब डिड्रिक्सनने १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांची शर्यत आणि भालाफेक जिंकली, उंच उडीत रौप्य घेतलं आणि पुढे गोल्फमध्ये राज्य केलं. यांच्यापाशी देवाने दिलेलं एक विलक्षण शरीर होतं आणि ते कोणत्या खेळात वापरायचं याची निवड होती. पेटकरांचं तसं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात खेळ बदलत गेले ते शरीर आणि परिस्थिती बदलत गेली म्हणून. एकेका खेळाचा दरवाजा बंद झाला की ते दुसऱ्या दारी गेले, आणि दर वेळी त्या दाराशी कुणीतरी उभं होतं. ही दुसरी गोष्ट आपण सांगायची विसरतो, म्हणून या लेखात तिला जरा जास्त जागा देणार आहे.

पेठ हे पुणे-बंगळूर महामार्गावरचं गाव. वर कराड, खाली कोल्हापूर. या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला कुस्ती शिकायला कुणी सांगावं लागत नाही. जत्रेतल्या फडावर नारळाची कुस्ती लागते, ती जिंकली की पुढची, असं करत पोरं वाढतात. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. ते हेलसिंकीहून पदक घेऊन परतले तेव्हा त्या मुलखात जो जल्लोष झाला, त्या वेळी मुरलीकांत सात वर्षांचे होते. तालमीत जाणाऱ्या त्या भागातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात ऑलिम्पिक हा शब्द तिथून शिरला. पेटकरांना कुस्तीबरोबर हॉकीचीही ओढ होती आणि पळण्याचीही. खेळण्याची भूक मोठी, घरची परिस्थिती बेताची. अशा मुलाला त्या काळात खेळ, पोटभर जेवण आणि पगार एकाच जागी मिळेल असं ठिकाण एकच होतं, ते म्हणजे सैन्य.

लहान वयात ते सैन्यात दाखल झाले. ईएमई, म्हणजे वाहनं, यंत्रं आणि शस्त्रांची दुरुस्ती पाहणारी शाखा, ही त्यांची शाखा. तिथे कुस्तीगीर बॉक्सर झाला. हा बदल दिसतो तेवढा सोपा नसतो. कुस्तीत समोरच्याला अंगाशी ओढून घ्यायचं, बॉक्सिंगमध्ये हाताच्या अंतरावर ठेवायचं. कुस्तीत पाय मातीत रोवायचे, रिंगमध्ये टाचा उचलून नाचते ठेवायचे. मल्लाची मान, खांदे आणि पाठ तयार असतात, पण सवयी मोडाव्या लागतात. पेटकरांनी त्या मोडल्या. १९६४ साली टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडास्पर्धेत ते भारताकडून बॉक्सिंगमध्ये उतरले आणि पदक घेऊन आले.

त्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक झालं, आणि ते उरकल्यावर नोव्हेंबरमध्ये चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. त्या स्पर्धांशी आपला काही संबंध येईल असं विशीतल्या धडधाकट बॉक्सरला वाटण्याचं कारणच नव्हतं.

मग १९६५ चं युद्ध आलं. पेटकर काश्मीर-सियालकोटच्या बाजूला होते. त्यांनी मुलाखतींमधून सांगितलेली हकिगत अशी, की शिट्टी वाजली ती अनेक जवानांना चहाची वाटली, प्रत्यक्षात ती हवाई हल्ल्याची सूचना होती. पेटकरांना गोळ्या लागल्या, ते कोसळले आणि त्या धावपळीत लष्कराचंच एक वाहन त्यांच्या अंगावरून गेलं. एक गोळी पाठीच्या कण्याजवळ रुतून बसली, ती काढता आली नाही. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा स्मृती पुसट झाली होती आणि कमरेखालचं शरीर आज्ञा पाळत नव्हतं.

इथे जरा थांबू. कण्याला इजा झालेल्या माणसाचं तोवर जगभर काय होत असे, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत असे बहुतेक जखमी काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावत. कण्याच्या जखमेपेक्षा त्यांना मारायची ती अंथरुणाला पडून होणारी क्षतं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. डॉक्टरांनी हात टेकलेले असत. हे चित्र बदललं लुडविग गुटमन यांनी. हे जर्मनीतले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. १९३९ साली नाझींच्या जाचातून निसटून इंग्लंडला पोचले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडविल इथल्या रुग्णालयात कण्याच्या जखमींचा विभाग त्यांनी सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, त्याला खेळायला लावायचं. खेळाने खांदे आणि दंड बळकट होतात, बसल्या जागेवरून स्वतःला उचलता येतं, क्षतं टळतात, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचं सोडतो. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाचा दिवस. त्याच दिवशी गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिकांची, त्यांत स्त्रियाही होत्या, तिरंदाजीची स्पर्धा भरवली. १९६० साली रोममध्ये या स्पर्धांना २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले. आज ज्याला आपण पॅरालिम्पिक म्हणतो, त्याची ही सुरुवात. पायाशी युद्धाचे जखमी आहेत, आणि गुटमन यांनी खेळाला औषधाच्या जागी ठेवलं होतं.

औषधाच्या जागी ठेवल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. त्या काळातला खेळाडू एकाच खेळाला चिकटून बसत नसे. रुग्णालयात तिरंदाजीही शिकवत, पोहणंही, टेबल टेनिसही, गोळाफेकही. देशांचे संघ छोटे, प्रवासाचा खर्च मोठा, त्यामुळे जो गेला त्याने जमेल तितक्या खेळांत नाव द्यायचं. ब्रिटनच्या मार्गारेट मॉन यांनी रोममध्ये तिरंदाजीतही सुवर्ण घेतलं आणि पोहण्यातही. न्यूझीलंडच्या ईव्ह रिमर भाला, गोळा आणि पोहणं यांत वर्षानुवर्षं पदकं घेत राहिल्या. पेटकर या पिढीचे. बहुखेळाडू असणं हा त्या पिढीचा नेम होता. पण प्रत्येक खेळात अंतिम फेरीपर्यंत जाणं हा कुणाचाच नेम नव्हता.

मुंबईच्या कुलाब्यात नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. पेटकरांवर तिथे दीर्घ उपचार झाले. तिथल्या भौतिकोपचाराच्या माणसांनी त्यांना पाण्यात उतरायला सुचवलं. कुस्तीगीर आणि बॉक्सर असलेल्या माणसाला पाण्याचं शिक्षण नव्याने घ्यायचं होतं, तेही अशा शरीराने.

कमरेखाली ताकद नसलेला माणूस पोहतो कसा? सामान्य माणूस फ्रीस्टाइल पोहताना पाय मारतो ते पुढे जायला थोडं आणि शरीर पाण्याच्या पातळीत ठेवायला फार. पाय निर्जीव असले की ते खाली ओढले जातात. शरीर तिरपं होतं. तिरप्या शरीराला पाणी कितीतरी जास्त अडवतं. म्हणजे ज्याच्याकडे ताकद कमी, त्यालाच अडथळा जास्त. यावर उपाय छातीचा आणि डोक्याचा. डोकं खाली ठेवायचं, छाती पाण्यात दाबायची म्हणजे मागचा भाग थोडा वर येतो. श्वासासाठी मान वळवायची ती झटकन, कारण मान जरा जास्त उचलली की पाय पुन्हा बुडतात. आणि पुढे ओढायचं सगळं काम, तोल सांभाळायचं सगळं काम, दोन खांद्यांनी करायचं. पेटकरांचे खांदे लहानपणी तालमीत घडले होते, सैन्यात रिंगमध्ये घडले होते. जुन्या दोन खेळांची कमाई त्यांनी तिसऱ्यात ओतली. अनेक खेळ खेळण्याचं महत्त्व मला इथे दिसतं. शरीर एका खेळात शिकलेलं दुसऱ्या खेळात विसरत नाही.

पण पहिली आंतरराष्ट्रीय संधी आली ती टेबल टेनिसची. १९६८ साली तेल अवीवला या स्पर्धा झाल्या. खरं तर ऑलिम्पिक त्या वर्षी मेक्सिकोत होतं, पण चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंच्या स्पर्धा इस्रायलने घेतल्या. भारत त्यांत पहिल्यांदाच उतरला. खुर्चीवरचं टेबल टेनिस वेगळं असतं. उभा खेळाडू टेबलाच्या डावी-उजवीकडे सरकतो, खुर्चीतल्याला ते जमत नाही, त्यामुळे समोरचा जाळ्याजवळ आणि कोपऱ्यांत चेंडू टाकतो. कमरेतून झुकावं तर तोल धरायला पोटाचे स्नायू हवेत, आणि तेच दुबळे असतात. एका हाताने खुर्ची धरायची, दुसऱ्याने खेळायचं. पेटकर तिथे पहिली फेरी पार करून गेले. पदक मिळालं नाही. पण देशाचा शर्ट घालून ते पुन्हा उतरले, तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाला स्वतःचं नाव नीट आठवत नव्हतं तो.

तेल अवीवला जायचा खर्च कुणी केला? इथे विजय मर्चंट येतात. सलामीचा फलंदाज म्हणून त्यांना सगळे ओळखतात. त्यांचं अपंगांसाठीचं काम फार थोड्यांना ठाऊक आहे. क्रिकेट सोडल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य बऱ्याच अंशी या कामात घातलं. मुंबईतल्या त्यांच्या संस्थेने अपंगांना रोजगार आणि संधी मिळवून दिल्या. पेटकर आणि त्यांच्या सोबत्यांची परदेशाची तिकिटं मर्चंट यांच्या संस्थेमुळे निघाली, असं पेटकर स्वतः सांगत आले आहेत. देशाने पाठवण्याआधी एका माणसाच्या कळवळ्याने पाठवलं.

१९७० साली स्कॉटलंडच्या एडिंबरोत राष्ट्रकुल देशांच्या अशाच स्पर्धा झाल्या. पेटकरांनी तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य घेतलं. तीन प्रकार, तीन रंग. हायडेलबर्गची चाहूल इथेच लागली होती.

हायडेलबर्गलाही ती स्पर्धा व्हायची नव्हती. म्युनिकमध्ये ऑलिम्पिक होतं, तर तिथेच व्हायला हवी. पण खेळाडूंचं निवास ऑलिम्पिक संपताच खासगी घरांत बदलायचं ठरलेलं असल्यामुळे म्युनिकने जागा नाकारली. मग हायडेलबर्ग विद्यापीठाने आपली क्रीडासंकुलं दिली. स्पर्धा ऑलिम्पिकच्या आधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. चाळीसहून अधिक देश, नऊशे-हजार खेळाडू. कण्याच्या कोणत्या मणक्याला इजा झाली आहे, त्यानुसार गट पाडलेले. जितकी इजा वर, तितकं शरीर कमी हाती. पेटकर तिसऱ्या गटात होते.

त्या काळची चाकाची खुर्ची म्हणजे रुग्णालयातली जड पोलादी खुर्ची. आजची हलकी, झुकत्या चाकांची खुर्ची तेव्हा नव्हती. त्या जडशा खुर्चीतून स्लॅलमचा मार्ग कापायचा, झेंड्यांमधून वळणं घ्यायची, चढण चढायची, मागे मागे जायचं, घड्याळ चालू. खांब हलला की दंडाचे सेकंद. लक्ष्यवेधी भालाफेकीत जमिनीवर एकात एक वर्तुळं आखलेली असत. भाला जितका मध्याजवळ रुतेल तितके गुण. लांब फेकायचा भाला आणि नेमका फेकायचा भाला यांत फार फरक आहे. एकात शरीर झोकून द्यायचं, दुसऱ्यात आवरायचं. दोन्हींत अंतिम फेरी गाठणारा माणूस आपल्या हातावर किती ताबा ठेवून असेल याचा विचार करावा.

आणि मग तलावातले ते ३७.३३ सेकंद. ५० मीटर फ्रीस्टाइल हा प्रकार तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हताच, तो आला १९८८ साली सोलमध्ये. १९७२ सालीच, हायडेलबर्गनंतर काही आठवड्यांत, म्युनिकच्या तलावात मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं घेतली आणि तो जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. म्युनिकमध्ये भारतीय हॉकी संघाला कांस्य मिळालं, इस्रायली खेळाडूंची हत्या झाली, तिच्या बातमीने जग हादरलं. हायडेलबर्गच्या सुवर्णाला या सगळ्या गदारोळात जागा मिळाली नाही. एक महिना आधी मिळालेलं, अपंगांच्या स्पर्धेतलं, पोहण्यातलं सुवर्ण! यांतली एकेक गोष्ट त्या वेळच्या क्रीडापत्रकाराला दुय्यम वाटत असणार.

परत आल्यावर पेटकरांना पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली. नोकरी, घर, मुलंबाळं, पुण्यातलं मध्यमवर्गीय आयुष्य. देशाकडे त्यांनी खेळाडू म्हणून मान मागितला होता. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला, असं त्यांनी सांगितलं आहे. अर्जुन पुरस्कार तेव्हा एकवीस वर्षं चालू होता.

त्यांच्यामागून पिढी उभी राहायला हवी होती, तीही राहिली नाही. १९७६ आणि १९८० च्या स्पर्धांना भारताचा संघ गेलाच नाही. १९८४ मध्ये जोगिंदर सिंग बेदींनी गोळाफेकीत रौप्य, थाळीफेक आणि भालाफेकीत कांस्य घेतलं. एका माणसाची तीन पदकं, म्हणजे बहुखेळाडूंची परंपरा अजून जिवंत होती. त्याच वेळी भीमराव केसरकर या मराठी माणसाने भालाफेकीत रौप्य मिळवलं. पेटकरांच्या नावाची थोडीफार आठवण आज आहे, केसरकरांच्या नावाची तेवढीही नाही. त्यानंतर वीस वर्षं पदकच नाही, थेट २००४ साली अथेन्समध्ये देवेंद्र झाझरियाचं भालाफेकीतलं सुवर्ण.

पेटकरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, हायडेलबर्गनंतर सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ च्या जूनमध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि कार्तिक आर्यनने रंगवलेला पेटकर देशभर पोचला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. ऐंशी वर्षांचे पेटकर कुबड्यांवर चालत राष्ट्रपती भवनाच्या दालनात आले आणि सगळं दालन टाळ्या वाजवत राहिलं. १९८२ साली जे मागितलं होतं ते मिळायला बेचाळीस वर्षांहून जास्त काळ गेला.

चित्रपटाने मोठं काम केलं, याबद्दल मला शंका नाही. पण चित्रपटाचा स्वभाव असा, की सगळं एका माणसाच्या जिद्दीवर उभं करायचं. पेटकरांची जिद्द डोंगराएवढी होती हे खरंच. तिच्या भोवती मात्र काय काय होतं ते बघा. जखमी जवानाला महिनोन् महिने खाटेवर सांभाळणारं लष्करी रुग्णालय होतं. पोहायला तलाव होता. पाण्यात उतरा म्हणणारा भौतिकोपचारक होता. तिकीट काढणारे मर्चंट होते. परतल्यावर नोकरी देणारा कारखाना होता. यांतलं एक जरी नसतं तरी जिद्द पेठ गावाच्या घरात, पलंगावर बसून राहिली असती.

हे सगळं मी केळापूर तालुक्यात बसून लिहितो आहे, म्हणून हा विचार टाळता येत नाही. पांढरकवडा हे आमच्या तालुक्याचं ठिकाण, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं. खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तालुक्यात गोंड आणि कोलाम वस्त्या पुष्कळ, शेती कापसाची. कण्याला इजा होण्याची कारणं खेड्यांत दोनच मोठी, उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचा अपघात. आमच्याकडे दोन्ही आहेत, महामार्ग तर दाराशीच आहे. अशा जखमीला घेऊन निघालं तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सत्तरेक किलोमीटर, नागपूर दीडशेच्या आसपास. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो. पुढच्या दोन वर्षांची कूस बदलणं, खांदे घडवणं, पाण्यात उतरवणं, हे गावातल्या घरात कोण करणार? गुटमन यांनी ऐंशी वर्षांपूर्वी सांगितलेली दर दोन तासांची गोष्ट आजही घरातल्या बाईच्या अंगावर पडते, आणि तिला ती कुणी शिकवलेली नसते.

मुलांचं तर आणखी वेगळं. शाळेच्या क्रीडामहोत्सवात चालता न येणाऱ्या मुलाला गुण लिहायला बसवतात किंवा पाण्याची घागर सांभाळायला सांगतात. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो, मुलालाही बरं वाटतं की आपल्याला काही काम आहे. पण ते मूल खेळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे, क्रीडाप्रकार आणि मैदानं या मुलांना वापरता येतील अशी करायची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा आदेशही आहे. तो निधी बहुतेक ठिकाणी एकरकमी वाटून टाकला जातो. वाटलेल्या पैशाची गरज घराला असतेच, तिला मी नाव ठेवणार नाही. पण त्यातला थोडा भाग मैदानाकडे वळवता येतो, आणि त्यासाठी किती थोडं लागतं ते पेटकरांच्याच यादीतून दिसतं.

तलाव आमच्याकडे नाही, आणि लवकर होणारही नाही, तेव्हा पोहणं बाजूला ठेवू. पण गोळाफेक आणि भालाफेक बसून खेळता येते. एडिंबरोत पेटकरांना या दोन्ही प्रकारांतही पदकं मिळाली, भीमराव केसरकरांचं रौप्य भाल्याचंच. बसून फेकणाऱ्यासाठी लोखंडी बैठक लागते, गादीसकट तिची उंची पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आत हवी, हात धरायला एक उभा दांडा, आणि चारही बाजूंनी जमिनीत पक्क्या खुंट्यांना पट्ट्यांनी आवळायची सोय. असं काम पांढरकवड्यातला कोणताही वेल्डिंगवाला, माप दिलं तर, करून देईल. टेबल टेनिसचं टेबल लागतं ते असं, ज्याचे पाय खुर्चीच्या आड येत नाहीत. एका हाताने अधू असलेल्या मुलासाठी तर काहीच वेगळं लागत नाही, गोळा तोच, वर्तुळ तेच. सांगलीतल्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी अशाच गटातला. डाव्या हाताला लहानपणीच्या अपघाताने अधूपण आलेला हा खेळाडू २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्य घेऊन आला. त्या स्पर्धेत भारताने २९ पदकं मिळवली, सात सुवर्णांसह.

येत्या हिवाळ्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होतील. त्यांच्या अर्जावर बसून गोळाफेक आणि बसून भालाफेक हे दोन प्रकार छापून घ्यावेत, अशी मागणी आम्ही काही जण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करणार आहोत. बैठकीचं माप आम्ही सोबत जोडणार आहोत.